समुद्राजवळची खोली

कोल्हापूरला समुद्र नाही, हे कोल्हापूरकरानं मनापासून कधी मान्य केलेलं नाही. गगनबावडा, फोंडा, आंबोली असे तीन-तीन घाट हाताशी असल्यावर कोकण आपलंच, असा आमचा पक्का समज. दिवाळी सरली, फराळाचे डबे तळाला गेले की शनिवारी पहाटे ‘एमएच ०९’च्या गाड्या घाट उतरायला लागतात आणि दुपारी जेवायच्या वेळी मालवणच्या बाजारात उभं राहिलं तर आपण इथं आलोय की महाद्वार रोडला, हेच कळत नाही. शेजारच्या टेबलावरून “भावा, रस्सा आन की अजून” ऐकू आलं की खात्रीच पटते.

खोली ठरवताना आम्ही सगळे आधी एकच विचारतो, समुद्र किती लांब? गरम पाणी, गाडी कुठं लावायची, मासे कोणते, हे सगळं नंतर. खिडकीतून लाटा दिसणार असतील तर हजार-पाचशे जास्त द्यायला कुरकुर नाही. रस्ता ओलांडून जावं लागणार म्हटलं की लगेच भाव पाडून मागायचा. देवबागच्या ज्या घरी आम्ही उतरणार होतो, तिथल्या काकींना मीही फोनवर तेच विचारलं. त्या म्हणाल्या, “जवळच आसा. दरवर्षी थोडो थोडो जवळ येता.” मी हसले आणि पैसे पाठवून दिले.

राधानगरीच्या रस्त्यानं निघालो. गाडीत मी, नवरा, अकरावीतला मुलगा आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आत्यांचं माहेर पंचगंगेकाठचं, पुरात सापडणारं प्रयाग चिखली, त्यामुळे धरणाचा फाटा आला की त्यांचा प्रश्न ठरलेला: “दारं किती उघडल्यात?” शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं हे धरण, त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी आज किती उघडले, हे पावसाळ्यात कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नोव्हेंबरात अर्थातच सगळी दारं मिटलेली होती. दाजीपूर ओलांडलं की फोंडा घाटाच्या माथ्यावर पाण्याची वाटणी होते. अलीकडे पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेला, तिथून नृसिंहवाडीला कृष्णेत आणि मग पार आंध्रातून बंगालच्या उपसागरात जातो. पलीकडे पडलेला मात्र थोड्याच वेळात अरबी समुद्र गाठतो. हे मी मोठ्या उत्साहानं मुलाला सांगितलं. त्यानं कानातले इयरफोन काढले नाहीत. घाटाबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही; वळणं होती, आत्यांना लिंबू लागलं.

कसालला हायवे सोडला, मालवण आलं, मग वायरी, तारकर्ली आणि शेवटी देवबाग. रस्ता संपतो तिथं गाव संपतं आणि तिथंच कर्ली नदी समुद्राला मिळते. वाळूची एक लांबच लांब चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, मधून एकच रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना माडांच्या वाड्यांमध्ये घरं. काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की रस्त्यावर उभं राहिलं तर एका बाजूला लाटा दिसाव्यात आणि दुसऱ्या बाजूला खाडीतल्या होड्या. या पट्टीखाली जांभा नाही, कातळ नाही. नदीनं आणून टाकलेली आणि लाटांनी रचत नेलेली वाळू, तेवढंच. त्या वाळूवर माणसांनी विहिरी खणल्या, माड लावले, तुळशीवृंदावनं बांधली, शाळा काढली.

खोली अगदी सांगितल्याप्रमाणे निघाली. खिडकी उघडली की समुद्र. फक्त मध्ये बंधारा होता. काळ्या दगडांचा, माणसाला पलीकडचं दिसू नये इतका उंच, सरकारी कागदावर ‘धूपप्रतिबंधक बंधारा’. त्याच्यावर चढलं की समुद्र पायाशी. भरतीची वेळ होती, लाटा सरळ दगडांवर येऊन आपटत होत्या आणि मुलानं पहिल्यांदा इयरफोन काढून विचारलं, “मम्मी, बीच कुठाय?”

बीच संध्याकाळी सापडला. सुकती लागली तसं पाणी मागं गेलं, दगडांच्या पायथ्याशी ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडला आणि आम्ही चपला हातात घेऊन चालत निघालो. बंधारा जिथं संपतो, त्या टोकाला थांबलो. शेवटच्या दगडाच्या पुढं जमीन अर्धगोलात आत कापली गेली होती. कडेला एक माड उभा होता, अर्धा जमिनीत, अर्धा हवेत. माडाला सोटमूळ नसतं, बोटाएवढ्या जाडीची शेकडो मुळं बुडातून फुटतात, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. ती एकदम सगळी समोर कधी पाहिली नव्हती. तांबूस, एकात एक गुंतलेली, उसवलेल्या काथ्यासारखी खाली लोंबत होती आणि त्यांच्यामधून वाळू हळूहळू निसटत होती. लाट आली नाही तरी निसटत होती. नुसत्या वाऱ्यानं, कडेनं चालणाऱ्या खेकड्याच्या पायानं. खोडावर चढायला पाडलेल्या खाचा होत्या आणि शेंड्याला नारळांचा भरलेला घोस. आमच्याबरोबर काकी आल्या होत्या. म्हणाल्या, “नारळ लागतत आजून. पण चढतलो कोण?”

काकी गेलेल्या गोष्टी वादळांवरून मोजतात. २००९ चं फयान, २०१९ च्या ऐन दिवाळीत आलेलं क्यार, २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते. क्यार तर किनाऱ्याला टेकलंही नव्हतं, दूर समुद्रातून ओमानच्या दिशेनं निघून गेलं, पण त्याच्या उधाणानं इथली अंगणं भरली. फयानच्या आधी घराच्या पुढं माडांच्या किती ओळी होत्या, तौक्तेनंतर किती उरल्या, हे त्या बोटांवर मोजून सांगतात. “पयलो माड पडलो तेव्हा सासरो रडलेलो,” त्या म्हणाल्या. “आता कोण रडत नाय.” मग पाण्यात नांगरलेल्या एका होडीकडं बोट दाखवलं. “थंय आमचो खळो होतो. सातबाऱ्यार आजून आमचाच नाव आसा.”

कोल्हापुरात पाणी फुटांत मोजतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ च्या वर गेलं होतं. जुलै उजाडला की आमच्याकडं रामराम म्हणायच्या आधी लोक “फूट किती झाली?” विचारतात. समुद्रासाठी काकींच्या दारात अशी पट्टी नाही. माडांच्या ओळी हीच पट्टी.

मुलाचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. बीच जातो कुठं? पावसाळ्यातल्या उभ्या, जोरकस लाटा किनाऱ्याची वाळू ओढून थोडी आत, पाण्याखाली नेऊन ठेवतात. पाऊस ओसरला की सौम्य लाटा तीच वाळू ढकलत परत आणतात. म्हणून जुलैत गेलेली पुळण एप्रिल-मेपर्यंत भरून येते, आणि कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. नेलेलं सगळं परत आलं तर धूप म्हणायचं कारण नाही. तूट पडते, ती दुसरीकडं. नद्या डोंगरातून वाळू आणतात. धरणं ती अडवतात, आणि जी खाडीपर्यंत पोचते तिचा उपसा होतो. कर्ली आणि कालावल या खाड्यांतल्या वाळूउपशाचा वाद इथं जुना आहे. आणि ही वाळू जाते कुठं, ते मला विचारायची गरज नव्हती. घाट चढून कोल्हापूरकडं येणारे, ताडपत्रीखालून पाणी गाळणारे डंपर मी किती वेळा पाहिलेत. क्रश सँडचा जमाना यायच्या आधी आमच्याकडचे गवंडी ‘कोकणची वाळू’ म्हणून तिचं कौतुक करायचे, फक्त खारट लागते का बघा, धुऊन घ्या, म्हणायचे. उपनगरातल्या आमच्या जुन्या घराचा स्लॅब त्या काळातला आहे. त्यात काय आहे, ते आता फोडूनच बघावं लागेल.

आमच्या बाजूच्या पाण्याचीही कथा काही वेगळी नाही. कृष्णा आमच्याकडचा गाळ घेऊन निघते, पण वाटेत अलमट्टी आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. समुद्रापर्यंत पोचणारा गाळ घटत गेला आणि आंध्रातला कृष्णेचा त्रिभुज प्रदेश कडेनं झिजू लागला. दाजीपूरच्या माथ्यावरून पाणी कुठल्याही बाजूला जाऊ दे, दोन्हीकडच्या किनाऱ्याला वाळू कमीच पडते आहे.

दुसऱ्या दिवशी होडीनं संगमावर गेलो. डॉल्फिन दिसले नाहीत. होडीवाला “आता होते” म्हणत राहिला. मग ‘त्सुनामी आयलंड’. २००४ च्या त्सुनामीनंतर हे बेट वर आलं, असं सगळे सांगतात. बेट कसलं, नदीच्या मुखाशी साठलेला वाळूचा दांडा आहे. ओहोटीला उघडा, भरतीला गुडघाभर पाण्यात. त्या पाण्यातच मांडलेली टेबलं, मॅगी, भजी, बनाना राइडचे पिवळे फुगे आणि जॅकेट घालून फोटो काढणारी आमच्याकडची मंडळी. मुलगा बनाना राइडवर गेला, मी पाण्यात उभी राहून पायाखालची वाळू बघत राहिले. छान होती, बारीक, स्वच्छ, पावलाखालून सरकणारी. गावाच्या कडेची वाळू जाते आणि इथं मुखात साठते, पुढच्या पावसात आणखी कुठं जाते. जिथं वाळू जमली तिथं आम्ही राइडचे पैसे मोजतो, जिथून ती गेली तिथं खोलीचे.

संध्याकाळी काकी बांगड्यांना मसाला लावत बसल्या होत्या आणि आत्या पडवीत लसूण सोलायला. दोघी एकमेकींची भाषा अर्धीच समजत होत्या, पण गप्पा थांबत नव्हत्या. शेवटी आत्यांनी, कालपासून मनात असलेलं, विचारलंच.

“मग हितनं उठत का न्हाईसा? आत कुठंतरी जागा घ्यायची.”

काकींनी बांगडा पालथा केला. “तुमचा माहेर खंयचा?”

“चिखली. पंचगंगेला.”

“थंय पूर येता मां? टीव्हीर बघलंय. होडयेतसून माणसा काढतत.”

“येतोय की.”

“मगे तुमी सोडलात काय गाव?”

आत्या हसायला लागल्या. “न्हाई बया. कोण सोडतंय.”

मग आत्यांनी सोनतळीची गोष्ट सांगितली. १९८९ च्या पुरानंतर चिखलीकरांना सोनतळीला, उंचावर, पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले. आत्यांच्या भावानं तिथं दोन खोल्या बांधल्या आणि कुलूप लावलं. पूर आला की जनावरं, पेटी, म्हातारी माणसं घेऊन तिकडं जायचं, पाणी उतरलं की परत चिखली. शेत इथं, गोठा इथं, दूध घालायची डेअरी इथं. सोनतळीला नुसतं बसून काय करायचं? सरकारी माणसं दर पुराला वैतागतात, की जागा दिली तरी हे जात नाहीत. आत्या सांगत होत्या आणि काकी मान हलवत होत्या, जणू त्यांच्याच वाडीतलं कुणीतरी बोलत होतं. देवबागला मासे आहेत, होडी आहे, स्कूबाचा आणि खोल्यांचा धंदा आहे. तो दहा किलोमीटर आत नेऊन कुणाला विकायचा?

“तरी तुमका सोनतळी आसा,” काकी म्हणाल्या.

मला इथं दोघींमधला फरक दिसला आणि तो परतीच्या वाटेवरही डोक्यातून गेला नाही. पूर उतरला की चिखलीची जमीन जागेवर असते. ऊस कुजतो, भिंती खचतात, घरात फूटभर गाळ, वासानं जीव नको होतो. पण खोरं घेतलं की खाली आपलीच फरशी निघते. शेतात साचलेला गाळ पुढच्या लावणीला कामाला येतो. नुकसान मोजता येतं, तलाठी पंचनामा करतो. समुद्र जमीनच नेतो. मग पंचनामा कशाचा करायचा, पाण्याचा? पंधराव्या वित्त आयोगानं धुपेमुळं विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा विचार केला, ही त्यातल्या त्यात नवी गोष्ट. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातलं सातभाया हे असंच समुद्रानं गिळत नेलेलं गाव. तिथल्या कुटुंबांना बागपाटियाला वसाहत करून हलवलं. तिथली माणसं आता रोज सकाळी उठून काय करत असतील, असा प्रश्न मला आत्यांच्या भावामुळं पडतो.

आणि आम्ही शहरातले काय करतो? पंचगंगा पात्राबाहेर आली की संध्याकाळी गाड्या काढून पूर बघायला जातो. भाजलेलं कणीस खात, छत्रीखाली, शिवाजी पुलाच्या अलीकडं उभं राहून “गेल्या वर्षी इथवर न्हवतं” म्हणतो. लहान पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतो. त्याच वेळी आत्यांच्या माहेरची माणसं ट्रॅक्टरमध्ये म्हशी चढवत असतात. आत्या आयुष्यात कधी पूर बघायला आल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांनी “चल, पाणी बघून येऊ” म्हटलं तेव्हा त्यांना राग आला होता, हे त्यांनी मला त्या पडवीत पहिल्यांदा सांगितलं. समुद्राजवळची खोली मागणारी मी, आणि कणीस घेऊन पुलाजवळ उभी राहणारी मी, यात फार अंतर नाही. दोन्हीकडं मला पाणी जवळ हवं असतं आणि तिथं राहणारा ते लांब राहावं म्हणून देवाला नारळ देत असतो.

यात काकींना दोष देणं सोपं आहे. इतक्या कडेला खोल्या बांधल्याच का? सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला तेव्हापासून इथल्या माणसाला सगळे हेच सांगत आले की बाबा, खोल्या बांध, न्याहारी दे, पर्यटक येतील. रापणीला येणारी मासळी कमी झाली, पोरं मुंबईला जायला लागली. ज्यांनी घराला खोल्या जोडल्या त्यांची पोरं गावात राहिली. खोल्या कुठं जोडायच्या, ते आम्ही फोनवर विचारून ठरवलं. किनारी बांधकामाचे नियम १९९१ पासून आहेत. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामाला मनाई असलेला पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्याला घर दुरुस्त करायलाही हेलपाटे पडत होते, तेव्हा ही सवलत नको होती असं मी म्हणणार नाही. पण ५० मीटर मोजायचे त्या रेषेपासून, जी स्वतः घराकडं सरकते आहे.

हे एकट्या देवबागचं दुखणं नाही. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ मधल्या उपग्रह चित्रांवरून देशाचा किनारा तपासला, तेव्हा जवळपास एक तृतीयांश किनारा झिजताना दिसला. बंगालात तर साठ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात साधारण पाव. आपला बराचसा किनारा कातळाचा असल्यानं हा आकडा छोटा दिसतो; पण माणसं, माड आणि पर्यटक कातळावर नसतात, ते नेमके वाळूवर असतात. पुद्दुचेरीला १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदराच्या भिंती बांधल्या, किनाऱ्यालगत वाहणारी वाळू अडली आणि शहरापुढचा बीच गेला. दगड टाकत राहिले. पुढं समुद्रात पाण्याखाली राहणारा बांध घालून त्यातला थोडा परत मिळवला.

दगडांचं असंच आहे. बंधारा मागचं घर वाचवतो, यात शंका नाही. काकींचं घर आज आहे ते त्याच्यामुळंच. पण लाट दगडावर आपटून परत फिरते तेव्हा पायथ्याची वाळू घेऊन जाते, मग पुढचा बीच खालावतो आणि दगड खचतात, त्यांच्यावर नवे टाकावे लागतात. शिवाय बंधारा जिथं संपतो तिथं पलीकडची जमीन जास्त कापली जाते. तो अर्धा हवेतला माड काकींचा नव्हता, शेजारच्या वाडीतला होता. त्या घरातल्या भाऊंनी मला सांगितलं की त्यांनीही बंधाऱ्यासाठी अर्ज दिलाय. त्यांना मिळाला की पुढच्या वाडीला द्यावा लागेल. असं करत संगमापर्यंत दगड पोचतील. मर्यादावेल आणि केवड्याचं बन जिथं शाबूत आहे, तिथं वाळू बरी धरून राहते, हे भाऊही मान्य करतात. “पण वेल लावूक टेंडर निघणा नाय,” ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

निघायच्या सकाळी घावणे खाऊन झाल्यावर काकींनी मुलाला हाक मारली. त्यांच्या घराला गूगलवर कुणीतरी तीनच तारे दिले होते. जेवण उत्तम, माणसं चांगली, पण ‘फोटोत बीच दाखवलाय, प्रत्यक्षात दगडांचा ढीग, समुद्र नीट दिसत नाही, मुलांना खेळायला वाळू नाही’. लिहिणारा आमच्याकडचाच, नाव आणि भाषा दोन्हीवरून कळत होतं. काकींना त्याला उत्तर द्यायचं होतं, पण फोनवर टाइप करायला जमत नव्हतं. “चांगल्या मराठीत लिव,” त्या म्हणाल्या, “भांडान नको.” मुलानं बराच वेळ काहीतरी लिहिलं, खोडलं. आत्यांनी मध्येच, “त्याला म्हणावं जुलैत ये,” असं सुचवलं, ते त्यानं घेतलं नाही. शेवटी वाचून दाखवलं: “नमस्कार. गैरसोयीबद्दल क्षमस्व. बंधारा काढता येत नाही, कारण त्याच्यामागं आमचं घर आहे. फोटो २०१८ चा आहे, तो आज बदलतो. वाळू हवी असेल तर एप्रिल-मेमध्ये ओहोटीची वेळ विचारून या.”

काकींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “‘वेळ आमी कळवतलो’ असा पण घाल. आणि नंबर.”